झुंबराची ओटी

झुंबराला तोंड नव्हतं, हेच त्याचं दुर्दैव, असं वृंदाबाईंचं ठाम मत होतं. डोळे नाहीत, नाक नाही, घाबरल्यावर थरथरणाऱ्या मिशा नाहीत. मग कुणाला कशाला त्याची दया यावी? शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांनी हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा गणिताचे पुंडलिक सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अहो बाई, तोंड असलेल्या माणसांचीसुद्धा इथं कुणाला दया येत नाही. झाडाचं काय घेऊन बसलात!" सगळे हसले. वृंदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्या राहायला रोह्यालगतच्या अष्टमी गावात. रोज सकाळी पूल ओलांडून रोहा स्टेशन गाठायचं, पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि कासूला उतरायचं. कासूजवळच्या हायस्कुलात त्या विज्ञान शिकवत. शाळेची शिपाईण हौसा ही खारकोंडीची, म्हणजे पार खाडीच्या काठची. एकदा मुलांची सहल म्हणून बाई तिच्या गावाकडे गेल्या आणि तिथं त्यांना ते झाड दिसलं. त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

खाडीत तिवरं काय, कुठंही दिसतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि तीही कोणाला विचारत नाहीत. पण झुंबर त्या अख्ख्या खाडीत एकच उरलं होतं. पूर्वी दोन्ही काठांना दाट होती म्हणे. मिठागराच्या उघाडीच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवायच्या दाराच्या, फळ्या त्याच्या, होड्यांचे वासे त्याचे, जाळी रंगवायला साल त्याची, आणि काहीच नसेल तर चुलीत घालायला होतंच. असं करता करता सगळी संपली आणि हे एक कसं कोण जाणे राहून गेलं. लाल टोपीची फुलं उलटी लोंबायची आणि टोपीतून पुढं हिरवी, वीतभर शेंग बाहेर यायची.

लोक शेंग म्हणत, पण ती शेंग नव्हती. झुंबराचं बी झाडावरच रुजतं. आई त्याला अंगावर वागवते, पाजते, खारं सोसायला शिकवते आणि पावसाळ्यात ते तयार झालं की खाली चिखलात सोडते. टोक खाली करून ते रुततं आणि लागलीच मूळ धरतं. खारकोंडीच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती शेंगा ओढून काढत आणि लांब चिखलात नेम धरून फेकत. ज्याची उभी रुतेल तो जिंकला. त्यातल्या चार-दोन दरसाल रुजत आणि मग म्हशी येऊन त्यांचा फडशा पाडत.

म्हशींचंही एक वेळ बघता आलं असतं. पण त्या साली, म्हणजे त्र्याण्णवच्या दिवाळीत, खारकोंडीच्या हैबतरावांनी खाडीकाठची पडीक खारजमीन कोळंबीच्या तळ्यांसाठी घेतली. तेव्हा कोळंबीनं भल्याभल्यांना वेड लावलं होतं. तळ्याचा बांध जिथून जाणार होता तिथंच नेमकं झुंबर उभं होतं. संक्रांतीनंतर ते तोडायचं ठरलं.

वृंदाबाई पेणला गेल्या, अलिबागला गेल्या. एका साहेबांनी विचारलं, "फळं खातात का याची?"

"नाही."

"लाकूड चांगलं?"

"होतं. म्हणून तर संपलं."

"मग आता काय उपयोग?" साहेबांनी विचारलं आणि पंख्याचं बटण वाढवलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं निदान म्हणतात तरी. इथं थांब म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

त्याच सुमारास त्यांनी एका रविवारच्या पुरवणीत वॉम्बॅटचा फोटो पाहिला. ऑस्ट्रेलियातला प्राणी. बुटका, गुबगुबीत, डुकरासारखा अंगानं आणि अस्वलासारखा चेहऱ्यानं. त्यातली केसाळ नाकाची जात एकाच रानात उरली होती आणि ती सगळी एकत्र धरली असती तर शाळेच्या दोन वर्गांत मावली असती. त्याच्यासाठी तिथं राखणदार होते, संशोधक होते. लहान मुलं खाऊचे पैसे पाठवत होती. वृंदाबाईंनी तो फोटो कापून घरात कपाटाला चिकटवला आणि येता-जाता त्याच्याकडे रागानं बघू लागल्या. त्यांचे यजमान अंबरीशराव म्हणाले, "अगं, तो बिचारा तिकडे बिळात आहे. त्याचा कसला सवतीमत्सर?"

"त्याला नाक आहे," बाई म्हणाल्या. "केसाळ का होईना, नाक आहे. माझ्या झाडाला काय आहे?"

आणि मग भाजी चिरता चिरता त्यांना सुचलं. वॉम्बॅटच्या आईला पोटाला पिशवी असते. पिल्लू अर्धंकच्चं जन्मतं आणि त्या पिशवीत वाढतं. झुंबर तरी दुसरं काय करतं? झाडाला तोंड नाही हे खरं, पण आईपण तर आहे! बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी विळी तशीच उभी ठेवली आणि हौसाला काय सांगायचं ते मनात घोळवत बसल्या. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, असं पेणच्या मुलखात तरी कुणाला शिकवावं लागू नये. पण आनंदाच्या भरात माणसाला आपल्या हातची मूर्ती दिसत नाही, हेही खरं.

संक्रांतीचं हळदीकुंकू हौसाच्या अंगणात झालं. खारकोंडीच्या बायका झाडून आल्या. बाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या. इतकं चांगलं त्या वर्गातही कधी बोलल्या नव्हत्या. "सातासमुद्रापार एक प्राणी आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईला देवानं पोटाशीच ओटी दिली आहे. पिल्लू तिच्या ओटीत वाढतं. ती बीळ उकरते, सगळीकडे माती उडते, पण तिच्या ओटीचं तोंड मागच्या बाजूला. पिल्लाच्या अंगावर मातीचा कण पडू देत नाही ती! तिला वाचवायला तिकडचं सगळं सरकार उभं आहे. आणि तुमच्या दारात तुमचं झुंबर आहे. तेही मूल अंगावर वाढवतं. ती शेंग नाही गं बायांनो, ते झाडाचं मूल आहे. त्या प्राण्याहून तुमचं झाड जास्त मोलाचं, कारण ते तर एकच आहे. एक लेकुरवाळी उभी आहे तुमच्या खाडीत, आणि उद्या तिच्यावर कुऱ्हाड पडणार आहे."

एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. हौसा म्हणाली, "जल्ला मेला, आजपत्तूर कुनी सांगला कसा नाय!"

दुसऱ्या दिवशी बायका हैबतरावांच्या दारात गेल्या. हैबतराव व्यवहारी माणूस, पण देवाधर्माला भिणारा. लेकुरवाळ्या झाडावर कुऱ्हाड घालून कोळंबी कोण वाढवणार? त्यांनी बांध वळवला. वृंदाबाईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी वर्गात फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. पुंडलिक सरांनी पेढे मागितले आणि बाईंनी खरंच दिले.

फाल्गुनात पहिली ओटी भरली गेली. एका बाईनं झुंबराच्या बुंध्याला खण, नारळ, तांदूळ वाहिले आणि प्रसाद म्हणून एक कोवळी शेंग आपल्या ओटीत घेतली. तिला पुढच्याच महिन्यात दिवस गेले. ते बहुधा आधीच गेले असावेत, पण असल्या हिशेबात कोण पडतं? चैत्रात कासूहून बायका आल्या, नागोठण्याहून आल्या. हळूहळू रीत ठरली. सवाष्णीनं झाडाची ओटी भरायची आणि झाडाचं मूल आपल्या ओटीत घ्यायचं. मग वर्षभर ते फडक्यात बांधून पेटीत, कपड्यांच्या घडीत ठेवायचं. आणि ज्या सुनेला झुंबर मिळालं, तिला घरच्यांनी वर्षभर मुलावरून टोचून बोलायचं नाही. देवाची मुदत ती, माणसानं मोडायची नाही.

बाईंना हे सुरुवातीला गोड वाटलं. दहा-बारा शेंगा गेल्या तर काय, झाडावर शेकडो आहेत. मग हैबतरावांना जोर आला. बायका चिखलातून येतात, पाय घसरतात, म्हणून त्यांनी झाडाभोवती चांगला सिमेंटचा पार बांधून दिला. वैशाखात बाई बघायला गेल्या, तर पांढराशुभ्र पार, त्याला गेरूचा पट्टा आणि मधे झुंबर. चिखलातून गुडघ्यांसारखी वर येणारी त्याची सगळी मुळं सिमेंटखाली गेली होती. त्या गुडघ्यांनीच तर ते श्वास घेतं!

"हे काय केलंत?" बाई किंचाळल्याच.

"बाई, तुमच्याच झाडाची सेवा केली," हैबतराव म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "तिकडं त्या प्राण्याला सरकार करतं, इथं म्या केलं."

पार फोडा म्हणायला बाई तीनदा गेल्या. पण आता तो पार हैबतरावांचा राहिला नव्हता. त्याच्यावर हळद पडली होती. देवीचा पार फोडणार कोण? आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, हे बाईंना तेव्हा कळलं. कुऱ्हाडीनं झाड एका दिवसात मेलं असतं. आता ते सावकाश, ओवाळून घेत मरणार होतं.

आषाढात पानं पिवळी पडू लागली. बायका म्हणाल्या, झाडाला हळद लागली. बाईंनी ते ऐकलं आणि एक पान खुडून उलटसुलट करून पाहिलं. झाड वाचत नाही, हे त्यांच्या पुरतं लक्षात आलं. आता एकच उरलं होतं. झाडाचं एखादं तरी पोर चिखलात रुजायला हवं. एक रुजलं तरी वंश राहिला. पण खालच्या फांद्या ओरबाडून रिकाम्या झाल्या होत्या आणि वरच्यांना आकडी लावून बायका रोज काढत होत्या.

हौसाच्या अंगणात त्यांनी पुन्हा बायका जमवल्या. "तुम्ही ओटी भरा, मी नको म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण जी एक शेंग नेईल, तिनं दुसरी खाडीच्या चिखलात लावावी. एवढंच करा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी हौसाच बोलली, तीही खाली बघत. "बाई, ता झाडाचा पोर हाय ना?"

"हो."

"मंग पोराला मातीत घालायचा?"

बाईंना क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. खारकोंडीत तान्हं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. त्या अंगणातल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी आपल्या हातांनी एखादं फडक्यात गुंडाळलेलं बोचकं पुरायला दिलेलं होतं. मूल मातीत घालणं याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

"अगं, पण ते रुजेल! मातीतच रुजतं ते! ती शेंग आहे!"

"तुमीच सांगितलाव, शेंग नाय म्हनून," एक जण म्हणाली. "ती परदेशातली आय मातीचा कन लागू देत नाय, ता पन तुमीच सांगितलाव. आमी लागू देव?"

तिच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पोरांनीही शेंगा फेकायचा खेळ केव्हाच सोडून दिला होता. आयांनी त्यांना बदडून काढलं होतं, पोर फेकतोस म्हणून. रस्त्यानं परत येताना बाई स्वतःशीच मोठ्यानं बोलत होत्या. त्या वॉम्बॅटबद्दल तिकडे कुणी असं चांगलं बोललं नव्हतं, हेच त्याचं नशीब, असं काहीतरी.

श्रावणात शेंड्याला एकच शेंग उरली. आकडी पुरत नव्हती म्हणून उरली. बाईंनी अष्टमीच्या खालच्या अंगाला, कुंडलिका नदीला भरतीचं पाणी चढतं तिथं, एक जागा हेरून ठेवली होती. अंबरीशरावांनी कुरकुरत का होईना, बांबूचं कुंपण घालून दिलं होतं. सोमवारी अर्धी शाळा. सकाळच्या गाडीनं बाई उतरल्या त्या शाळेत न जाता थेट खाडीवर गेल्या. हातात झाकणाची बादली, तिच्यात ओला चिखल. दुसऱ्या हातात छत्री. ओहोटी होती, पाऊस थांबलेला होता आणि पारावर कुणी नव्हतं. साडी खोचून त्या पारावर चढल्या, मग बुंध्याच्या खांदीवर. या वयात आणि या अंगानं झाडावर चढताना कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. छत्रीच्या मुठीनं त्यांनी शेंड्याची फांदी वाकवली. शेंगेला हात लागताच ती टोपीतून आपोआप सुटून त्यांच्या हातात आली. पूर्ण तयार झाली होती. टोकाला तांबूस मूळ फुटू लागलं होतं.

त्या खाली उतरल्या. त्यांना रडू आलं आणि हसूही. आणि मागून आवाज आला, "बाई, तुमीच काढलाव? बरा झाला! तुमच्याच हातचा पायजे व्हता."

हौसा होती. तिच्या हातात खण-नारळाचं ताट आणि तिच्यामागं तिची सून भूमिका, हिरव्या साडीत. भूमिका बाईंचीच विद्यार्थिनी. हौसाच्या अमोलशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती. अमोल रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा.

"हौसा, ही मी नेणार आहे," बाई म्हणाल्या. "रोह्याला लावणार आहे. वर बघ. झाड मेलंय गं. ही शेवटची आहे."

हौसानं वर पाहिलं. "म्हनून तं आज आलू आमी," ती म्हणाली. "उंद्या कुठशी मिलनार?"

"दुसरं काहीही माग. ही नको."

हौसानं ताट दुसऱ्या हातात घेतलं. ती भांडली असती तर बाई भांडल्या असत्या. तेवढी तयारी त्यांनी केली होती. बाई मग भूमिकेकडे वळल्या. "भूमिका, तू माझ्या हाताखाली शिकलीस. विज्ञानात पहिली यायचीस. शेंगेनं मूल होत नाही, हे तुला ठाऊक आहे की नाही?"

"ठाव हाय, बाई," भूमिका म्हणाली.

"मग?"

"मना ठाव हाय. घरात ह्यांच्या मोठ्या काकांना नाय ना." ती पायाच्या अंगठ्यानं पारावरची हळद खरवडत होती. "गनपती झाले का ते ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघाया जानार हायेत. ठरलाय. ह्या आत्या नाय म्हनतात, पन त्यांचा कोन ऐकतो? वटीत झुंबर असला तं वरीसभर कुनी जानार नाय. देवाची मुदत कुनी मोडत नाय. मना वरीस मिलल."

"आणि वर्षानंतर?"

"मंग बगू."

वृंदाबाई तशाच उभ्या राहिल्या. बादलीच्या कडीनं त्यांच्या बोटांना वळ पडले होते. एका झाडाची त्या खाडीतली अख्खी जात त्यांच्या मुठीत होती आणि एका पोरीचं एक वर्ष. मोठं काय, हे त्यांना नीट ठाऊक होतं. वर्ग असता तर फळ्यावर लिहून दाखवलं असतं. वर्ष काय, संपतं. जात गेली की गेली. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर भूमिका होती, आणि तिला तोंड होतं, डोळे होते, आणि ते डोळे बाईंच्या मुठीला चिकटले होते. ती मागत नव्हती. नुसती बघत होती.

त्या झाडाचा बाईंना त्या क्षणी भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. मग राग यायचंही थांबलं.

"घे," त्या म्हणाल्या.

हौसानं ताट पुढं केलं. "तुमीच भरा, बाई. तुमी लेकुरवाल्या. तुमची अंतरा डॉक्टरी शिकतेय. तुमच्या हाताला येश हाय."

बाईंनी हळदकुंकू लावलं. भूमिकेनं पदर पसरला. खण घातला, तांदूळ घातले, नारळ घातला. मग बाईंनी शेंग पुढं केली, तशी भूमिका म्हणाली, "थांबा, बाई." तिनं भरली ओटी कमरेला खोचली आणि शेंग आधी दोन्ही हातांत घेतली. बादलीच्या काठाचा थोडा चिखल शेंगेला लागला होता. भूमिकेनं तो पदराच्या सुट्या टोकानं पुसला. मग सगळी शेंग पुसली, वरपासून खालपर्यंत, टोकाचं तांबूस मूळसुद्धा, अगदी हलक्या हातानं, नुकत्या न्हालेल्या तान्ह्याला कोरडं करावं तशी. वृंदाबाईंना ते बघवत नव्हतं. पण ते पुरतं कोरडं होईपर्यंत त्या बघत राहिल्या.